जुनाट कंबरदुखी : मणका, मन आणि आवणी

गेल्या वर्षी जूनमध्ये, राबात भात पेरून झाले होते आणि पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता, अशा एका रविवारी मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी बंधूंनी आम्हाला चर्चच्या आवारात गाठले. कमरेला रुंद पट्टा, काखेत एम.आर.आय.चा मोठा लिफाफा. म्हणाले, "यंदा शेत अर्धेलीने द्यावे म्हणतो. डॉक्टर सांगतात मणका झिजला, गादी सरकली, आता वाकायचेच नाही. न वाकता आवणी कशी करायची?" वय सेहेचाळीस. शेत दीड एकर, घरात शिकणारी दोन मुले. अडीच वर्षांपूर्वी खळ्यावर भाताचा भारा उचलताना उसण भरली, ती गेलीच नाही. मालीश झाली, डाग देऊन झाला, इंजेक्शने झाली, तीन तऱ्हेचे पट्टे झाले. लिफाफ्यातील कागद त्यांना वाचता येत नव्हता, पण त्यातला एक शब्द त्यांनी पाठ केला होता: 'झीज'.

वाचकहो, असा माणूस आमलीच्या आसपास कोणत्याही पाड्यात भेटेल. आमली, म्हणजे आजचे सिल्व्हासा, आता गाव राहिलेले नाही. आपल्यातील पुष्कळ घरांत एक पाय शेतात तर दुसरा कारखान्याच्या पाळीवर अशी तऱ्हा आहे. कंबर मात्र दोन्हीकडे एकच. पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन अशा दुखण्यांची मोजदाद केली. चार हजारांहून थोड्या अधिक प्रौढ माणसांत शेकडा अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा पाठ यांपैकी काहीतरी दुखत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगातील जवळजवळ ६२ कोटी माणसे कंबरदुखीने बेजार होती. माणसाला कामावरून उठवणारे एवढे मोठे दुसरे दुखणे जगात नाही.

या लेखात आम्ही फक्त जुनाट कंबरदुखीबद्दल, म्हणजे तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्याबद्दल लिहीत आहोत. ताजी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पण जे दुखणे वर्ष-दोन वर्षे मुक्काम ठोकते, त्याच्यात मणक्याइतकाच, कधी कधी मणक्याहून अधिक, मज्जातंतूंचा आणि मनाचा भाग असतो. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी नीट सांगत नाही.

आधी धोक्याच्या खुणा

मनाकडे वळण्यापूर्वी शरीराची खात्री करून घेतलीच पाहिजे. कंबरदुखीबरोबर बारीक ताप येतो, वजन उतरते, रात्री अंथरुणात दुखणे वाढते, असे असेल तर कण्याचा क्षय नाही ना, हे पाहावे लागते. आपल्या देशात हा रोग अजून आहे आणि वेळेवर सापडला तर औषधाने बरा होतो. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातील बळ कमी होऊन पाऊल ओढू लागले, तर एक दिवसही दवडू नये. सरळ सिल्व्हासा किंवा खानवेलच्या सरकारी इस्पितळात जावे. ताडावरून किंवा आंब्यावरून पडल्यावर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाचे दुखणे, म्हाताऱ्या बायकांना साध्या धक्क्याने अचानक झालेली पाठदुखी, हीही डॉक्टरांनी पाहावयाची. तरुण मुलाची कंबर सकाळी तासभर आखडलेली राहते आणि कामाला लागल्यावर मोकळी होते, तर तोही एक वेगळा आजार असू शकतो.

अशी कारणे थोड्यांनाच सापडतात. शंभरातील नव्वदांच्या आसपास माणसांच्या कंबरदुखीला बोट ठेवता येईल असे एक कारण मिळत नाही. आमच्या या बंधूंच्या सर्व तपासण्या झाल्या होत्या. क्षय नव्हता, पायात बळ होते, लघवी ठीक होती. उरला होता तो 'झीज' हा शब्द.

झीज म्हणजे काय?

ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा माणसांचे मणके तपासले तर काय दिसेल? २०१५ साली काही डॉक्टरांनी अशा ३,११० निरोगी माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. मणक्यांमधील गादी झिजलेली दिसणे हे विशीतल्या माणसांत शेकडा ३७ होते, चाळिशीत ६८, आणि ऐंशीच्या घरात ९६. गादी फुगून बाहेर आलेली चाळिशीतल्या निम्म्या माणसांत दिसली. पुन्हा सांगतो, यांच्यापैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. डोक्याचे केस पिकतात तशा मणक्यांच्या गाद्या वयाने सुकतात. पिकलेला केस दुखत नाही. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच असे नव्हे, आणि झीज भरून येत नाही म्हणून दुखणे जाणारच नाही असेही नव्हे.

येथे आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हीही एके काळी तीन वर्षे पट्टा वापरला. एका शहरातील एका डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून म्हटले होते, "तुमची पाठ काचेची समजा." वाक्य चार शब्दांचे, पण त्यानंतर आम्ही पाण्याची बादली उचलली नाही, खाली पडलेली काडी बायकोकडून उचलून घेतली, एस.टी.त मागच्या बाकावर बसलो नाही. पाठीचे स्नायू दोरीसारखे ताठ ठेवून चालत असू. काच फुटू नये म्हणून केलेल्या या खटाटोपानेच आमची पाठ अधिक दुखत होती, हे कळायला तीन वर्षे लागली. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता.

दुखणे कोठे तयार होते?

आपली समजूत अशी की जखम होते तेथे दुखणे तयार होते आणि तारेने निरोप जावा तसे ते मेंदूकडे जाते. प्रत्यक्ष व्यवहार इतका सरळ नाही. कापणीच्या घाईत विळा बोटाला लागतो आणि पेंढ्यावर रक्त दिसेपर्यंत पत्ताही लागत नाही, हे आपल्यापैकी कोणी अनुभवले नाही? दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. भयंकर जखमी झालेल्या सैनिकांना ते विचारीत, दुखणे थांबवायचे औषध हवे का? चारांतले तिघे नको म्हणत. त्यांच्या दृष्टीने ती जखम म्हणजे लढाईतून सुटका होती, घरी जायचा परवाना होता. उलट १९९५ साली इंग्लंडमधील एका बांधकाम मजुराची हकीकत तेथील वैद्यकीय पत्रिकेत छापून आली. उडी मारताना १५ सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा थोडा हलला तरी तो किंचाळे, त्याला गुंगीची औषधे द्यावी लागली. बूट काढून पाहतात तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही! त्याचे किंचाळणे सोंग नव्हते. डोळ्यांनी खिळा पाहिला आणि मेंदूने धोक्याचा निवाडा दिला.

१९६५ साली कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडले की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या निरोपांसाठी जणू एक फाटक आहे आणि मेंदू ते फाटक वरून उघडू किंवा लोटू शकतो. पुढच्या संशोधनाने त्यात पुष्कळ भर घातली. दुखणे हे झालेल्या इजेचे मोजमाप नसून धोक्याची हाक आहे, ही त्यातली मुख्य गोष्ट. हाक द्यायची की नाही, किती मोठ्याने द्यायची, हे मेंदू ठरवतो, आणि ते ठरवताना तो भीती, पूर्वीचा अनुभव, झोप, चिंता, सारे जमेस धरतो.

आपल्या अंगणातील कुत्र्याचे उदाहरण घ्या. एरवी तो परक्या माणसाला भुंकतो. एकदा घरात चोर येऊन गेला की पुढे महिनाभर तो पानाच्या सळसळीला भुंकतो, शेजाऱ्याला भुंकतो, कधी घरच्यांनाही भुंकतो. चोर केव्हाच गेला आहे. पण भुंकणे खरे आहे आणि आपली झोपमोडही खरी आहे. तीन महिन्यांनंतरची कंबरदुखी पुष्कळदा अशी असते. फाटलेला स्नायू, ताणलेली शीर भरून आलेली असते, पण मज्जातंतू हळवे झालेले असतात आणि साध्या वाकण्यालाही ते चोर समजतात.

"म्हणजे आम्ही सोंग करतो की काय?" असा प्रश्न येथे कोणीही विचारील, आणि रागावून विचारील. नाही. मनाचा संबंध आहे म्हटले की दुखणे खोटे ठरत नाही. लाज वाटली की चेहरा तांबडा होतो. लाज मनातली, पण रक्त खरोखर चढते. घरच्या मंडळींना आमची विनंती की 'तुझे सगळे मनाचे खेळ' हे वाक्य तोंडातून काढू नये. असे बोलल्याने दुखणे वाढते, कारण आता त्या माणसाला आपले दुखणे खरे आहे हेही रोज सिद्ध करावे लागते.

विश्रांतीचा फास

कुत्रा भुंकला की प्रत्येक वेळी दार लावून आत बसलो तर त्याची खात्रीच पटते की बाहेर चोर आहे. कंबर दुखली की आडवे व्हायचे, याने तसेच होते. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात पाठदुखीच्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस व काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचा कामाचा खाडा बराच कमी झाला, आणि बाकी प्रकृतीत काही फरक दिसला नाही. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर १९९५ साली असाच प्रयोग झाला. त्यात जे जमेल तसे नेहमीचे काम करीत राहिले ते सर्वांत लवकर सुधारले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन छापले. त्यात रोग्याला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मनाच्या अंगाने केलेले उपचार यांची शिफारस आहे. मालीशही त्यात बसते. आणि नेहमीच्या उपचारात नको म्हणून जी यादी दिली आहे तीत कमरेचे पट्टे, वजने लावून कणा ओढणे आणि अफूच्या जातीच्या गोळ्या आहेत. दुकानातून विचारून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल आमचे म्हणणे एवढेच की डॉक्टरांनी दिल्या तर थोडे दिवस घ्याव्यात, महिनोन् महिने घेऊ नयेत. त्या पोट जाळतात आणि मूत्रपिंड बिघडवतात. त्यांतले डायक्लोफेनॅक गुरांना टोचले जाई, आणि ती मेलेली गुरे खाऊन आपल्या आकाशातील गिधाडे संपत आली. म्हणून सरकारने २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद केले.

मनाच्या अंगाने उपचार

न्यूयॉर्कला जॉन सार्नो नावाचे डॉक्टर होते, ते २०१७ साली वारले. पाठदुखीचे मूळ बहुधा दाबून ठेवलेल्या रागात व चिंतेत असते, हे ते चाळीसएक वर्षे सांगत राहिले. दाबलेल्या भावनेमुळे मेंदू स्नायूंचा प्राणवायू कमी करतो, हा त्यांचा तर्क प्रयोगाने सिद्ध झाला नाही, आणि सर्वांनाच दाबलेला राग असतो असे आम्हालाही वाटत नाही. पण 'तुमची पाठ धडधाकट आहे, भिऊ नका' हे त्यांचे सांगणे पुष्कळांना लागू पडले. पुढे त्याच दिशेने एक नीट मोजमापाचा प्रयोग अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झाला आणि २०२१ साली छापून आला. सरासरी दहा वर्षे कंबर दुखणारी १५१ माणसे त्यात होती. एका गटाला चार आठवडे बसवून शिकवले की हे दुखणे म्हणजे चुकीची हाक आहे. दुखत असताना शांतपणे त्याच्याकडे पाहा, ज्या हालचालीला भिता ती थोडी थोडी करा. शेवटी त्यांच्यातील शेकडा ६६ जण जवळजवळ दुखण्यावाचून होते. खारे पाणी टोचलेल्यांत, म्हणजे खोटे इंजेक्शन दिलेल्यांत, २० आणि नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्यांत १०. आकडा मोठा आहे खरा. पण प्रयोग एकाच ठिकाणचा, माणसे शिकलेली, आणि त्यांच्यापैकी कोणाला चिखलात दिवसभर वाकायचे नव्हते, हे विसरू नये.

अधिक जपून केलेला प्रयोग सिएटलचा, २०१६ सालचा. त्यात ३४२ माणसे होती. एका गटाला आठ आठवडे ध्यानाने शरीराकडे लक्ष देण्याची सवय लावली, दुसऱ्याला दुखण्याविषयीचे विचार बदलायला शिकवले, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत शेकडा साठेक माणसांची कामाची ताकद बऱ्यापैकी वाढली होती, तिसऱ्या गटात ४४. म्हणजे काही न करताही पुष्कळ सुधारतात, आणि हे केल्याने आणखी काही सुधारतात. आम्हाला हा हिशेब पटण्यासारखा वाटतो.

योगासनांचे नाव काढले की आपल्यातील काहींच्या कपाळाला आठी पडते. येथे तो व्यायाम आणि विसावा म्हणूनच घ्यावा. मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळात डॉ. दाते यांनी १९६९ साली रक्तदाबाच्या रोग्यांवर शवासनाचा प्रयोग करून तो परदेशी पत्रिकेत छापला. पुण्याचे बी.के.एस. अय्यंगार यांनी १९७५ साली आपली संस्था उघडली; त्यांच्या पद्धतीने बसवलेले आसनांचे बारा वर्ग इंग्लंडमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रोग्यांना देऊन पाहिले, एकंदर ३१३ माणसांत. २०११ साली निकाल आला तो मोठा बोलका आहे: आसने करणाऱ्यांचे दुखणे इतरांपेक्षा फारसे कमी झाले नाही, पण त्यांची कामे अधिक होऊ लागली. चालणे, उठबस, कपडे घालणे सोपे झाले. शेतकऱ्याला याहून वेगळे काय हवे असते?

आणि आपली जपमाळ. इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमध्ये जपमाळेची प्रार्थना म्हणवून घेतली. मिनिटाला चौदा-पंधरा वेळा चालणारा श्वास आपोआप सहावर आला आणि हृदयाची लय शांत झाली. यात कंबरदुखीचा प्रश्न नव्हता, तेव्हा जपमाळेने कंबर बरी होते असे कोणी आमच्या नावावर सांगू नये. पण सावकाश श्वासाने शरीराचा ताण सैल होतो, आणि ताण सैल झाला की मेंदू हाक देण्याची घाई करीत नाही. प्रार्थनेवाचूनही हे करता येते. रात्री सतरंजीवर उताणे पडावे, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, मनात चार मोजीत श्वास आत आणि सहा मोजीत बाहेर सोडावा. दहा मिनिटे पुरतात. मग पायाच्या अंगठ्यापासून वर एकेक भागाकडे लक्ष न्यावे. कंबरेपाशी आले की पळू नये. तेथे काय आहे ते पाहावे. ठणका आहे, ऊब आहे, की नुसता ताठपणा? बहुतेकांना असे दिसते की दुखणे एका जागी ठाम नसते, वरखाली होते. आम्हाला हे कळले त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी सलग झोप लागली.

आवणीचा हिशेब

आता शेतातले. पाठदुखी असलेला शेतकरी एक चूक हटकून करतो. दुखते तेव्हा पडून राहतो, आणि उघडीप मिळाली, बरे वाटले, की दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकतो. मग पुन्हा चार दिवस आडवा. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात यावर साधा नियम दिला: काम दुखण्याच्या मापाने करू नका, आकड्याच्या मापाने करा. दुखेपर्यंत काम आणि दुखले की विश्रांती, याने मेंदू शिकतो की दुखणे हाच सुट्टीचा मार्ग. त्याऐवजी वाईट दिवशीही जेवढे जमते त्याहून थोडे कमी ठरवावे, तेवढेच करावे, चांगल्या दिवशीही तेवढेच, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवावे.

आमच्या बंधूंनी जूनमध्येच सुरुवात केली. पहिले काही दिवस घराच्या ओट्यावरच, सकाळी दहा वेळा व संध्याकाळी दहा वेळा वाकून जमिनीवरची चिंच उचलून टोपलीत टाकायची. पट्टा न बांधता, श्वास न कोंडता. पहिल्या दिवशी दुखले. घाबरले. आम्ही विचारले, दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाहून वाईट होते का? नव्हते. 'दुखले म्हणजे मोडले नाही' हे त्यांनी स्वतःच ताडले, आम्हाला सांगावे लागले नाही. जुलै लागेपर्यंत ते पन्नासवर आले. मग आवणीला मोजून वीस मुठी लावायच्या, उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकायचे, बांधापर्यंत चालून यायचे, पुन्हा वीस. इतर मंडळी हसली. आवणीच्या रांगेत मध्येच उठून फिरणारा माणूस चमत्कारिक दिसतो खरा.

घरच्यांनी काय करावे हेही सांगितले पाहिजे, कारण प्रेमानेही दुखणे वाढते. त्यांच्या पत्नी, मोठ्या कष्टाळू बाई, त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत आणि कण्हले की लगेच तेल घेऊन बसत. आता कण्हण्यावर काही बोलायचे नाही आणि ओट्यावरची चिंच वेचून झाली की जवळ बसून चहा घ्यायचा, एवढा बदल त्यांनी केला. त्यांना तो निष्ठुर वाटला. पहिला आठवडा त्या रडल्या.

आणखी एक गोष्ट त्या चहाच्या वेळी बाहेर आली. भारा उचलताना उसण भरली त्याच महिन्यात थोरल्या भावाशी बांधावरून भांडण झाले होते, आणि सोसायटीचे कर्ज थकले होते. अडीच वर्षे त्यांनी कोणाशी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. रात्री जागे राहत, आणि झोप यावी म्हणून थोडी घेत. दारूने डोळा लागतो पण झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेनंतर दुखणे जास्त जाणवते, ही आता नीट माहीत असलेली गोष्ट आहे. भावाचे भांडण मिटले नाही. पण ते बोलून मोकळे झाले. कर्जासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून हप्ते बांधून घेतले. मनाचे उपचार म्हणजे दर वेळी डोळे मिटून बसणे नव्हे.

येथे एक इशारा. मन आणि दुखणे यांचा संबंध कळला म्हणून कोणी बाईला दिवसाला आठ हंडे डोक्यावरून आणायला लावू नये, किंवा कारखान्यातील मजुराला मुकादमाने 'दीर्घ श्वास घे आणि गोणी उचल' असे सांगू नये. मन समजावून ओझे हलके होत नाही. जड गोणी दोघांनी उचलावी, बेणणीला लांब दांड्याचे कोळपे वापरावे, पाणी वाहायला हातगाडी घ्यावी. गावात नळ येत असेल तर त्यासाठी अर्ज करावा, तोही कंबरेचाच उपचार आहे.

त्या वर्षी बंधूंनी निम्मे शेत स्वतः लावले, निम्मे सावडीने शेजाऱ्यांनी. त्यांच्या शेताची आवणी एरवी चार दिवसांत उरकते, तिला नऊ दिवस लागले. यंदा सगळे शेत घरच्यांनी मिळून लावले, सहा दिवसांत. दुखणे गेले का, असे आम्ही परवा विचारले. म्हणाले, "आहे. पण पूर्वी ते माझ्यापुढे चालायचे, आता मागून येते." एम.आर.आय.चा लिफाफा माळ्यावर टाकला आहे. पट्टा मात्र अजून खुंटीला आहे, आणि भारे वाहायच्या दिवसांत एखाद्या सकाळी ते तो बांधतात. आम्ही पाहिले, पण काही बोललो नाही.